‘नेबो’ची केस: मधला ‘एस्’ आला कुठून आणि शेवटचा ‘ओ’ टिकला कसा

रशियन शिकायला घेतलं की एक शब्द हमखास अडतो. नेबो म्हणजे आकाश. नपुंसकलिंगी, शेवटी ओ. आता असल्या शब्दांचं अनेकवचन एकदम सोपं असतं, मेस्तो (जागा) चं मेस्ता, ओक्नो (खिडकी) चं ओक्ना, ओ काढा आ लावा विषय संपला. त्या हिशोबाने नेबोचं नेबा व्हायला पाहिजे. होतं मात्र नेबेसा. (उच्चार करताना रशियन लोक न्येबा, न्यिबिसा असं काहीतरी म्हणतात, पण मी इथे स्पेलिंगप्रमाणे लिहितोय, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल.) हा ‘एस्’ मध्येच कुठून टपकला असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं की अपवाद आहे, पाठ करा.

पाठ करायला हरकत नाही, पण मग पोलिश बघा: न्येबो, अनेकवचन न्येब्योसा. चेक: नेबे, नेबेसा. सर्बियन-क्रोएशियन: नेबो, नेबेसा. बल्गेरियन: नेबे, नेबेसा. एका भाषेत अपवाद असेल तर ठीक आहे, कुणीतरी कधीतरी चुकीचं बोललं आणि ते रुळलं म्हणता येईल, पण व्होल्गापासून एड्रियाटिकपर्यंत सगळ्यांनी तीच ‘चूक’ त्याच शब्दात त्याच जागी केली हे काही पटत नाही. म्हणजे हा वारसा आहे. या सगळ्या भाषा वेगळ्या व्हायच्या आधी जी एक भाषा होती, जिला आपण आद्य-स्लाव्ह म्हणू, तिच्यातच हा एस् होता. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून तिचे शब्द आधी तारा लावून लिहायची पद्धत आहे, *नेबो असं. तारा म्हणजे ‘हे कुठे सापडलेलं नाही, हिशोबाने काढलेलं आहे’.

नेबोच्या बाबतीत तारा जवळजवळ फॉर्मॅलिटीच आहे म्हणा. कारण ८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे थेस्सालोनिकीचे दोघे भाऊ मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागात) धर्मप्रसाराला गेले आणि त्यांनी तिथल्या लोकांसाठी ग्रीकमधून धर्मग्रंथांची भाषांतरं केली, त्या भाषेला जुनी चर्च स्लाव्ह म्हणतात. हातात असलेल्या पोथ्या दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासच्या आहेत पण तेव्हा स्लाव्ह बोली एकमेकींपासून फार लांब गेलेल्या नव्हत्या, आणि तिथे हा शब्द चक्क नेबो असाच आहे आणि पूर्ण चालवलेला सापडतो.

तो चालवून बघू. आपल्याला शाळेतल्या विभक्त्या पाठ आहेत त्यामुळे आपलं काम इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं आहे, फक्त पंचमी सोडून द्या, ती स्लाव्हमध्ये षष्ठीत विरघळलीये. एकवचन: प्रथमा-द्वितीया नेबो, षष्ठी नेबेसे, चतुर्थी नेबेसी, सप्तमी परत नेबेसे, तृतीया नेबेसिमि. अनेकवचन: प्रथमा-द्वितीया नेबेसा, षष्ठी नेबेसु, चतुर्थी नेबेसिमु, सप्तमी नेबेसिखु, तृतीया नेबेसी (हा ‘ई’ जरा घशातला, चतुर्थीतला नाही). द्विवचनही होतं, षष्ठी-सप्तमीला नेबेसू वगैरे. यात जे ऱ्हस्व इ आणि उ लिहिलेत ते अगदी पुसट, अर्ध्या मात्रेचे स्वर, पुढे बहुतेक जागी ते गायबच झाले.

बघा, अख्ख्या तक्त्यात एस् नसलेलं रूप एकच आहे, एकवचनी प्रथमा-द्वितीया. म्हणजे आपण उलट प्रश्न विचारत होतो. अनेकवचनात एस् आला कुठून हा प्रश्नच नाही. तो सगळीकडे होता, नेबोमधून गेला कुठे हा प्रश्न आहे.

आणि इथे ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांच्या डोक्यात ‘मनस्’ सुरू झालं असणार. मनः मनसी मनांसि. त्याच पठडीतला नभस्. नभः, नभसी, नभांसि, तृतीया नभसा, चतुर्थी नभसे, षष्ठी नभसः, सप्तमी नभसि. हाच तो शब्द. साम्य नाही, तोच शब्द, दोन्हीकडे वारशाने आलेला, दोन्हीकडे नपुंसकलिंगी. नभसे आणि नेबेसी शेजारी ठेवा: संस्कृतचा शेवटचा ए आणि स्लाव्हचा शेवटचा ई दोन्ही एकाच जुन्या ‘एइ’चे, प्रत्येक भाषेच्या नियमाप्रमाणे, काहीही ओढाताण न करता जुळतात. सप्तमी अनेकवचनातला ‘खु’ म्हणजे आपला ‘सु’ (नभःसु), कारण स्लाव्हमध्ये इ, उ, र, क यांच्यानंतर आलेल्या स चा ख होतो. आता जागरूक वाचक म्हणेल की नेबेस् मध्ये त्या सु च्या आधी इ कुठे होता? नव्हताच. तो ‘इ’ इकारान्त शब्दांच्या तक्त्यातून उचललाय, कारण संस्कृतसारखं नभस् ला थेट सु चिकटवला तर दोन व्यंजनं आपटतात आणि स्लाव्हला ते चालत नव्हतं. तृतीयेच्या नेबेसिमि मध्येही तोच उसना इ आहे. फक्त अनेकवचनी नभांसि आणि नेबेसा जुळत नाहीत. तिथे संस्कृतने स्वतःचं काहीतरी नवीन केलंय, स्लाव्हचा ‘आ’ हा नपुंसकलिंगी अनेकवचनाचा जुना प्रत्यय, वेदांत युगम् चं अनेकवचन युगा असं मिळतं त्यातला.

आता मला या केसमधला सगळ्यात भारी वाटणारा भाग. संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह या सगळ्यांच्या आधी जी एक मूळ भाषा होती (आद्य-इंडो-युरोपीय), तिच्यात हा शब्द कसा होता ते काढायचं तर तीन साक्षीदार आहेत आणि तिघांनीही काही ना काही लपवलंय. संस्कृतने स् नीट सांभाळला पण स्वरांचा पार चुराडा केला, कारण मूळचे ए, ओ, अ तिन्ही संस्कृतमध्ये ‘अ’ झाले, त्यामुळे नभस् मधले दोन अ मुळात काय होते ते संस्कृतवरून कळणं शक्यच नाही. ग्रीकने स्वर जपले, नेफोस म्हणजे ढग, पण ग्रीकमध्ये दोन स्वरांच्या मधला स् गळतो, म्हणून षष्ठीला नेफेओस (पुढे आकुंचन होऊन नेफूस), मध्ये भोक. स्लाव्हने प्रथमेत शेवटचा स् टाकला कारण आद्य-स्लाव्हमध्ये एका टप्प्यावर प्रत्येक अक्षर स्वरातच संपलं पाहिजे असा दंडक आला आणि शब्दाच्या शेवटची यच्चयावत व्यंजनं गेली, पण षष्ठीत नेबेसे म्हणताना स् शेवटी नसून मध्ये होता, तो वाचला, आणि शेजारचा ए पण वाचला. म्हणजे स्वर आणि स् दोन्ही एकत्र शाबूत फक्त स्लाव्हच्या सामान्यरूपात. तिघांचे जबाब एकत्र केले की चित्र येतं: प्रथमेत नेभोस्, बाकी विभक्त्यांत नेभेस्-. प्रथमेत ओ आणि इतरत्र ए ही अदलाबदल मूळ भाषेतलीच, आणि ती ग्रीक-स्लाव्ह दोघांत दिसते म्हणून खात्रीने सांगता येते.

एकोणिसाव्या शतकात हे इतकं सरळ नव्हतं बरं का. तेव्हा संस्कृतचा ‘अ’ हाच मूळ, आणि ग्रीक वगैरेंनी त्याचे नंतर ए आणि ओ पाडले असं मोठमोठे लोक मानायचे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषावैज्ञानिकाने १८६८ मध्ये मूळ भाषेत एक छोटी गोष्ट रचून दाखवली, मेंढी आणि घोड्यांची, ती वाचली तर कान संस्कृतच ऐकतात, सगळीकडे अ आणि आ. १८७० च्या दशकात चित्र पालटलं, आणि पुरावा खुद्द संस्कृतमध्येच निघाला. ‘कः’ मध्ये क आहे आणि ‘च’ (आणि या अर्थाचा) मध्ये च आहे. दोन्ही एकाच मूळ व्यंजनाचे. मग एकीकडे क आणि एकीकडे च का? कारण ‘कः’ मधला स्वर मुळात ओ होता आणि ‘च’ मधला ए, आणि ए समोर आला की क मऊ होऊन च होतो. म्हणजे संस्कृतमध्येही कधीतरी ए आणि ओ वेगळे होते, स्वर गेले पण व्यंजनावर ठसा ठेवून गेले. गंमत म्हणजे स्लाव्हमध्ये हीच खोड आजही जिवंत आहे, लांडग्याला जुन्या स्लाव्हमध्ये व्ल्कु, हाक मारताना व्ल्चे.

इथे एक खड्डा आहे त्यात मराठी माणूस हमखास पडतो. आपल्याकडे नभोवाणी, नभोमंडळ हे शब्द आहेत. ‘नभो’ आणि ‘नेबो’! बघा ओ पण तसाच! नाही हो. नभोवाणीतला ओ संधीचा आहे, मृदू व्यंजन पुढे आलं की ‘अस्’ चा ‘ओ’, मनोहर, यशोदा, तपोवन सगळे त्याच रांगेतले, आणि कठोर व्यंजन पुढे आलं की लगेच नभस्तल, तिथे ओ नाही. हा ओ भारतातच घडला. नेबोमधला ओ त्याच्या हजारो वर्षं आधीचा, मूळ नेभोस् मधलाच. दोन्ही ओ दिसायला सारखे, पण वाटा पूर्ण वेगळ्या. आणि नभ हा शब्द मराठीत आहे तोही ग्रंथातून घेतलेला तत्सम, बोलण्यातून झिजत आलेला नाही.

मग नेबोतला ओ मूळचा, केस क्लोज? नाही ना. खरी मारामारी इथेच आहे.

संस्कृतमध्ये नभः आणि वृकः (लांडगा) दोघांचा शेवट सारखा. मुळातही दोघांच्या शेवटी ओस्. मग स्लाव्हमध्ये दोघांचं एकच व्हायला पाहिजे. पण नभः चं झालं नेबो आणि वृकः चं झालं व्ल्कु, शेवटी तो पुसट उ, जो रशियनमध्ये गळून व्होल्क उरला. एकाच शेवटाची दोन रूपं? ध्वनिनियम आंधळे असतात, हा शब्द नपुंसकलिंगी आणि तो पुल्लिंगी हे त्यांना कळत नाही. म्हणजे दोघांपैकी एक रूप नियमाने आलेलं नाही, कुणाची तरी नक्कल करून आलंय. कुठलं?

एक पार्टी म्हणते, नेबो खरा. ओस् चा स्लाव्हमध्ये नियमाने ओ होतो. पुल्लिंगी शब्दाच्या द्वितीयेत मुळात ओम् होतं, त्याचा पुसट उ झाला हे सगळ्यांनाच मान्य, आणि तो द्वितीयेतला उ प्रथमेतही घुसला. दुसरी पार्टी म्हणते उलट, व्ल्कु खरा, ओस् चा नियमाने उ, आणि नेबोला ओ मिळाला तो ‘तो’ या सर्वनामावरून. स्लाव्हमध्ये ‘तो’ म्हणजे आपलं ‘ते’, नपुंसकलिंगी, संस्कृत तत् चा सख्खा भाऊ, मूळ ‘तोद्’, त्यातला द् गळला आणि ओ राहिला, त्यात कुणाचाच वाद नाही. तो नेबो, तो सेलो (गाव), असं म्हणता म्हणता नपुंसकलिंग म्हणजे ओ असं समीकरण बसलं.

दुसऱ्या पार्टीकडे एक मजबूत पुरावा आहे, असं मला वाटतं. संस्कृतमध्ये द्वारम् आणि युगम् दोन्ही नपुंसकलिंगी. युगम् चं स्लाव्हमध्ये झालं इगो (बैलाच्या मानेवरचं जू, आणि आपलं जू पण त्याच युगातून आलंय), नपुंसकलिंगी, शेवटी ओ. पण द्वारम् च्या कुळातला शब्द स्लाव्हमध्ये द्वोर (अंगण) झाला, चक्क पुल्लिंगी. व्लादिस्लाव्ह इलिच-स्वितिच या सोव्हिएत भाषावैज्ञानिकाने याची वर्गवारी केली: ज्या नपुंसकलिंगी शब्दांचा आघात (उच्चारातला जोर) मुळावर होता ते पुल्लिंगात गेले, ज्यांचा शेवटी होता ते नपुंसकलिंगात राहिले. आता ओम् चा नियमाने उ होत असेल तर हे शब्द पुल्लिंगी शब्दांसारखेच दिसायला लागले असणार, काही तिकडे वाहून गेले, आणि जे राहिले त्यांना ओळख म्हणून दुसरीकडून ओ घ्यावा लागला. म्हणजे ‘तो’ वरून ओ उचलण्याचा प्रकार स्लाव्हने केलाय हे एका ठिकाणी तरी जवळपास सिद्ध होतं. मग नेबोसाठीही तेच म्हणायला काय हरकत? हरकत एवढीच की इगोने तो ओ नेबोवरूनच घेतला असंही पहिली पार्टी म्हणू शकते, आणि म्हणते. माझं मत विचाराल तर ‘तो’ चा हात दोन्हीकडे मानावाच लागतो, ओस् च्या नियमाबद्दल मात्र मी पैज लावणार नाही.

त्यात नोव्हगोरोद या रशियातल्या जुन्या शहराने आणखी तिढा घातला. २६ जुलै १९५१ ला तिथे उत्खननात पहिलं भूर्जपत्र सापडलं, मग सापडतच गेली, व्यापाऱ्यांच्या, बायकांच्या, सावकारांच्या चिठ्ठ्या, आणि त्या बोलीत पुल्लिंगी प्रथमा एकवचनाला ना उ ना ओ तर ‘ए’! २४७ नंबरच्या चिठ्ठीत ‘ज़ामुके केले’ म्हणजे कुलूप शाबूत आहे, असं लिहिलंय. हा ए कुठला यावर आंद्रेई ज़ालिज़न्याक या रशियन भाषावैज्ञानिकापासून अनेकांनी डोकं घातलंय. ओस् चा शेवट हा स्लाव्ह व्याकरणातला दुखरा दात आहे, एवढं नक्की.

आता शब्दाची सुरुवात. ती साधी वाटते, न आहे न, त्यात काय. पण स्लाव्हचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे बाल्टिक, आणि लिथुआनियनमध्ये हा शब्द आहे देबेसिस, लाटव्हियनमध्ये देबेस. द! मागचं सगळं जुळतं, एस् सकट, पण पुढे न च्या जागी द. हे एकट्या शब्दाचं असतं तर सोडून दिलं असतं, पण नऊ हा आकडा घ्या, संस्कृत नव, लॅटिन नोवेम, आणि लिथुआनियन देविनि, रशियन देव्यात. तिथेही न चा द (तिथे शेजारच्या दहाचा, देस्यातचा, धक्का लागला असंही म्हणतात). आणि पार अनातोलियात (आजचं तुर्कस्तान), हित्ती भाषेच्या बहिणीत, लुवियनमध्ये आकाशाला तप्पस्, हित्तीमध्ये मात्र नेपिस. नाकातला न आणि ओठांचा ब एका शब्दात आले की न चं नाक बंद होऊन द होतो असं एक स्पष्टीकरण आहे, ठीकठाक आहे, पण मग स्लाव्हने नऊला द केला आणि आकाशाला नाही, असं का, याला चांगलं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

हित्तीचा विषय निघालाच तर, ती भाषा फोडली बेद्रिख ह्रोज़्नीने, १९१५ मध्ये. हा माणूस चेक. म्हणजे मातीच्या विटांवर नेपिस हा आकाशाचा शब्द वाचणाऱ्याच्या घरी आकाशाला नेबे म्हणत होते.

अर्थाचा भाग तसा सोपा आहे आणि आपल्याला तर फारच. ग्रीक नेफोस ढग, लॅटिन नेबुला धुकं, जर्मन नेबेल धुकं, लिथुआनियन देबेसिस ढग, ऋग्वेदातला नभस् बहुतेक जागी धुकं-वाफ-ढग असाच, आणि श्रावणाचं वैदिक नाव नभस्, भाद्रपदाचं नभस्य, म्हणजे पावसाळ्याचेच महिने. आकाश हा अर्थ स्लाव्ह, हित्ती, अवेस्ता आणि नंतरच्या संस्कृतमध्ये. ढगाचं आकाश कसं झालं असं पुस्तकं विचारतात तेव्हा मराठी माणसाला हसू येतं. ‘आभाळ आलंय, कपडे काढ’ यात आभाळ म्हणजे ढग, आणि ‘आभाळाएवढं मन’ यात आकाश. एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ आजही चालू. त्यात आभाळ निघालंय अभ्र वरून, आणि अभ्र हा नभस् च्याच धातूचा, स्वर गळालेल्या रूपातला भाऊबंद मानतात. त्यातून आभाळही नपुंसकलिंगीच.

आद्य-स्लाव्ह फुटल्यावर नेबोचं काय झालं ते बघितलं की अनेकवचनाचा उलगडा होतो. असे एस् वाले शब्द फार नव्हते, नेबो, स्लोवो (शब्द, हा आपला श्रवस्), चुदो (चमत्कार), तेलो (शरीर), आणखी थोडे. ओकारान्त साधे शब्द मात्र शेकड्याने. जुन्या चर्च स्लाव्हच्या पोथ्यांमध्येच स्लोवेसेच्या जोडीला स्लोवा अशी सोपी षष्ठी डोकावायला लागते. रशियनने एकवचन पूर्ण सोपं करून टाकलं, नेबा, नेबू, नेबोम. काही ठिकाणी उलटं झालं: कोलो म्हणजे चाक, त्याची बाकीची रूपं कोलेस्- वाली, तर रशियनने त्यावरून नवीन प्रथमाच बनवली, कोलेसो. पोलिशने तसं केलं नाही, तिथे चाक अजून कोवो. आणि स्लोव्हेनियन सगळ्यात जुन्या वळणाचं, तिथे तेलोची एकवचनी षष्ठी आजही तेलेसा.

रशियनमध्ये अनेकवचनात एस् टिकला तो चर्चमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीक बायबलात स्वर्ग बऱ्याचदा अनेकवचनी येतो, त्याच्यामागे हिब्रूचा अनेकवचनी शमायिम. रोजची प्रार्थनाच ‘ओत्चे नाश, इझे येसि ना नेबेसेख’ अशी सुरू होते, आमच्या पित्या जो तू स्वर्गांमध्ये आहेस, आणि पुढच्या ओळींत एकवचनी सप्तमी ‘ना नेबेसि’ येते. शेतकऱ्याला व्याकरण माहीत नसेल पण ही ओळ त्याने जन्मभर म्हटली. म्हणून रोजचं आकाश ते नेबो आणि देवाचं ते नेबेसा अशी वाटणी पडली. चर्चचा हात प्रथमेतही दिसतो. रशियनमध्ये आघात असलेल्या ए पुढे कठोर व्यंजन (आपल्या संधीतलं कठोर नव्हे, इथे ‘य’ची छटा नसलेलं ते कठोर, असलेलं ते मऊ) आलं की त्याचा यो होतो, मेद चं म्योद (मध, आपलाच मधु). त्या नियमाने आकाश न्योबो व्हायला हवं. आणि न्योबो आहे! त्याचा अर्थ टाळू, तोंडातलं छत. शब्द एकच, पण टाळूला चर्चमध्ये कुणी विचारत नव्हतं म्हणून ती नियमाप्रमाणे बदलली, आकाश मात्र पोथीतल्या उच्चाराला धरून राहिलं.

पोलिशने यातलंच काहीतरी केलंय, वेगळ्या कारणाने. तिथे ए चा ओ होतो तो फक्त पुढे कठोर दंत्य व्यंजन असेल तर. न्येबो मध्ये पुढे ब, तो ओठांचा, म्हणून ए तसाच. न्येब्योसा मध्ये दुसऱ्या ए पुढे कठोर स, म्हणून यो. आणि विशेषण करताना नेबेस् ला इस्क लागला, त्यातल्या पुसट इ ने स मऊ केला, म्हणून तिथे परत ए: न्येब्येस्कि. इ गेला, ए राहिला. न्येब्येस्कि म्हणजे स्वर्गीय, आणि बाजारात शर्ट घ्यायला गेलात तर निळा.